कोपऱ्याची वडी

बेल गल्च, कोलोरॅडो
६ नोव्हेंबर १९८३

प्रिय आई,

पत्राला उशीर झाला, रागावू नका. दोन आठवडे लिहीन लिहीन म्हणतेय, पण शाळेच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत अंधार पडतो. मग जूनीचा अभ्यास, जेवण, तिचे ओले मोजे शेगडीपुढे वाळत घालणं, यात दिवस संपतो. इकडे ऑक्टोबरातच बर्फ पडला. तुमच्याकडे अजून मका शेतात उभा आहे असं तुम्ही लिहिलं होतं, ते वाचून जूनी म्हणाली, आजीकडे अजून उन्हाळाच चाललाय.

आता खरं कारण सांगते. काल भांडी पुसता पुसता जूनीनं विचारलं, "आई, यंदा तरी आजीचा फज येणार का?"

डेल गेल्यापासून दोन नाताळ फजच्या वड्यांशिवाय गेले. मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि आजही तक्रार म्हणून लिहीत नाही. जिचा मुलगा त्या घाटातल्या बर्फावर जिवानिशी गेला, त्या आईकडे वड्या कुठल्या तोंडानं मागायच्या? पण जूनी आता नऊ वर्षांची होईल. तिला तो निळा चौकोनी डबा आठवतो. झाकण काढलं की नाकात चढणारा पेपरमिंटचा वास आठवतो. आणि डेल सुरी घेऊन बसायचा ते. आधी चार कोपरे कापायचे, बाकीचं नंतर. एक कोपरा त्याचा, एक माझा, एक तिचा, आणि चौथा तुमचा, जो मेणकागदात गुंडाळून त्याच डब्यातून तुम्हाला परत पाठवायचा.

ती म्हणाली, "मला बाबांचा आवाज आठवत नाही आता. पण ते कोपरा कसा खायचे ते आठवतं." आणि तिनं हवेतच करून दाखवलं. दोन्ही कडक कडा आधी उंदरासारख्या कुरतडायच्या आणि मधला मऊ भाग शेवटी ठेवायचा.

आई, मला कृती पाठवाल का? मी स्वतः करीन. तुम्हाला त्रास नाही. तिच्याकडे बापाचं जे काही उरलंय, ते माझ्या हातून निसटू नये एवढंच वाटतं.

तब्येत सांभाळा. फोन करणार होते, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी घाबरतात.

तुमची,
लोरेटा

*

हाल्डेन, मिनेसोटा
१२ नोव्हेंबर १९८३

लोरेटा,

मका परवा निघाला. जूनीला सांग, आजीचा उन्हाळा संपला.

कृती मागितलीस ते बरं केलंस. माझ्याच्यानं यंदाही व्हायचं नाही. मन होत नाही, एवढंच समज आणि पुढे विचारू नकोस.

नीट वाच. जाड बुडाचं पातेलं घे. पातळ पातेल्यात करायचा असेल तर करूच नको. तीन कप साखर, एक कप साय, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंत ढवळ आणि मग डाव बाजूला ठेव. उकळी आली की त्याला हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. पाकाचं थर्मामीटर लाव. दोनशे छत्तीस अंश फॅरनहाइट झाले की उतरव. गार पाण्यात थेंब टाकलास तर बोटात त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. वर अक्रोडाएवढं लोणी टाक, पण ढवळू नको. पातेल्याच्या बुडाला तळहात टेकवता आला की मग डाव हातात घे आणि घोट. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, जितका वेळ लागेल तितका. दंडात कळ आली की समज अर्धं झालं. चकाकी गेली की चहाचा एक चमचा पेपरमिंटचा अर्क, मग लगेच चौकोनी ताटात ओत आणि वर नाताळातल्या त्या लाल-पांढऱ्या साखरेच्या काठ्यांचा चुरा. एवढंच आहे, आणि एवढं कोणालाही जमत नाही.

शेजारची ओपल कसलासा 'सोपा' फज करते. आटवलेल्या गोड दुधाचा डबा फोडायचा, त्यात तयार चॉकलेट वितळवायचं, पेपरमिंटचे थेंब टाकायचे, झालं. दहा मिनिटांत. चर्चच्या विक्रीत लोक तिची वाहवा करतात आणि मी तोंडावर हसू ठेवून उभी राहते. तो फज नव्हे. तो ताटात थापलेला आळस आहे. आमच्या घरात तो येणार नाही आणि तुझ्याही घरात येऊ देऊ नकोस.

अक्षर वाकडं आलंय, नवा चष्मा आहे.

आर्डिथ टॉलेफसन (म्हणजे आई)

*

बेल गल्च
२१ नोव्हेंबर १९८३

प्रिय आई,

तुमचा फज केला. म्हणजे, करायला घेतला होता तो फज, झाला तो दगड.

शप्पथ सांगते, अक्षर न् अक्षर पाळलं. पातेलं जाड होतं. ढवळलं नाही, जूनीला तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. दोनशे छत्तीसला उतरवला. पण तुम्ही म्हणता तसं घोटायला घेतलं तर डावच हलेना. दोन मिनिटांत सगळं पातेल्याला धरून बसलं. सुरी घातली तर सुरी वाकली. शेवटी हातोडी आणून फोडावा लागला, तेव्हा एक तुकडा उडून खिडकीवर बसला. जूनी पोट धरून हसली आणि मग तुकडे उलटसुलट करून बघायला लागली. म्हणाली, "याला कोपरेच नाहीत."

कुठं चुकले असेन? पुन्हा करते. साखर अजून आहे आणि हट्टही आहे.

थॅंक्सगिव्हिंगला तुम्ही ओपलबाईंकडे जाल ना? एकट्या राहू नका.

लोरेटा

*

हाल्डेन
२७ नोव्हेंबर १९८३

लोरेटा,

तू ढवळलंस. नाही म्हणू नकोस. पन्नास वर्षं मी हे करतेय, आणि फज बिघडतो तो एकाच कारणानं, हाताला धीर नसतो म्हणून. तुझा हात पहिल्यापासून घाईचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी तू माझ्या ओट्याशी उभी राहून बटाटे सोललेस ते मला आठवतं. सालीबरोबर निम्मा बटाटा गेला होता.

पुन्हा कर. शांतपणे कर. थर्मामीटर भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नको.

ओपलकडे गेले होते. टर्की कोरडी होती. शेवटी तिनं तो फज पुढे केला. मी एक तुकडा घेतला, माणुसकी म्हणून.

आणखी एक. तुझ्या घरात हातोडी नाही. डेलची हत्यारं तू त्याच्या मामेभावाला दिलीस, मीच तुला तसं सांगितलं होतं. मग फोडायला कोण आलं होतं?

आई

*

बेल गल्च
४ डिसेंबर १९८३

प्रिय आई,

हातोडी शाळेतल्या एकांची होती.

फज दुसऱ्यांदाही बिघडला. तिसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी मी हात मागे बांधून उभी होते, खरंच, ॲप्रनच्या नाडीत बोटं अडकवून. तरी दगडच. मग मात्र मी ओट्याशी बसून रडले. साखरेसाठी नाही. मला वाटलं, ही चूक कृतीतली नाही, माझ्यातली आहे.

आई, लिहू का नको असं करत लिहितेच. डबा यायचा बंद झाला, तेव्हापासून मला वाटतं की तुम्ही मला दोष देता. खाणीतल्या नोकरीसाठी डोंगरावर यायचा हट्ट माझा होता. डेलला सपाट जमीन आवडायची. मी हट्ट केला नसता तर तो त्या घाटातून कधी गेलाच नसता. हे तुम्ही एकदाही बोलला नाहीत. पण डबा आला नाही, आणि मी त्यातून ते ऐकलं.

असो. आता चांगली बातमी. चूक सापडली. आम्ही इथे दहा हजार फुटांवर आहोत. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एकांनी सांगितलं, तुमच्याकडे पाणी दोनशे बारा अंशांना उकळतं, इथे एकशे चौऱ्याण्णवलाच. अठरा अंशांचा फरक. म्हणजे दोनशे छत्तीसपर्यंत मी थांबत होते, तोवर त्यातलं सगळं पाणी उडून जात होतं. पाकाची कृती डोंगरावर आणायची तर अठरा वजा करायचे. दोनशे अठरा.

काल रात्रीच्या जेवणानंतर केला. गोळी वळली. बारा मिनिटं घोटला, दंडात कळ आली, चकाकी गेली. ताटात ओतला आणि त्याला चार कोपरे आले, आई. खरे, दोन्ही कडांनी कडक.

बटाट्यांचं म्हणाल तर माझा हात घाईचा आहेच. पण या वेळी चूक हाताची नव्हती.

लोरेटा

(याच पाकिटात, वहीच्या पानावर)

प्रिय आजी,

आई पत्र डकवायच्या आधी मी हे आत टाकतेय. तिला सांगू नको.

चूक रुबेनकाकांनी शोधली. ते शाळेत आमचं जेवण करतात. त्यांनी नुसतं पाणी उकळवलं आणि थर्मामीटर त्यात धरलं आणि म्हणाले, "लोरेटा, रेसिपीचा दोष नाही, डोंगराचा आहे." आई खूप हसली. ते रविवारी येतात. मला वाटतं ते आईला आवडतात, कारण ती त्या दिवशी केस दोनदा विंचरते. त्यांनी तिला काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, नाताळ होऊ दे मग सांगते.

फज झाल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्हाला बाबांचा कोपरा हवा का? ते म्हणाले, नको गं, मी मधली वडी खाणारा माणूस आहे. पण आजी, ते कोपऱ्याकडे बघत होते. मला द्यावासा वाटला. पण दिला तर बाबांचं काहीच उरत नाही. मग मी काय करू? आईला विचारता येत नाही, ती रडेल. तू सांग.

तुझी जूनी

*

बेल गल्च
१२ डिसेंबर १९८३

प्रिय आई,

तुमचं पत्र नाही. आठवडा होऊन गेला. तुमची पत्रं शनिवारी येतात. या शनिवारी मी दोनदा टपालपेटीपाशी जाऊन आले.

काल जूनीनं कबूल केलं की तिनं पाकिटात चिठ्ठी घातली होती. त्यात काय होतं तेही सांगितलं. ती रडत होती, म्हणून मी रागावले नाही. रागावण्याचा हक्क तुमचा आहे. तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि मी "शाळेतले एक" "शाळेतले एक" करत बसले. या वयात लपाछपी खेळते मी.

तर आता सरळ लिहिते. त्याचं नाव रुबेन आर्चुलेटा. बेचाळीस वर्षांचा आहे. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली, मूलबाळ नाही. दोनशे मुलांचं जेवण करतो आणि कोणत्या मुलानं डबा रिकामा आणला ते त्याला न सांगता कळतं. गेल्या वर्षी जूनी दुपारचं जेवायची नाही, ते त्यानंच मला येऊन सांगितलं. तिथून ओळख झाली. त्यानं लग्नाचं विचारलंय. मी नाताळपर्यंत वेळ मागितला.

वेळ का मागितला ते तुम्हालाच सांगते. त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. माझी स्वतःची आई मी बारा वर्षांची असताना गेली. मला आई म्हणून तुम्हीच माहीत. मी दुसऱ्या घरचं नाव लावलं, तर तुमच्या घरात माझं काय उरेल? कायद्यानं तर काहीच नाही. जूनी तुमची आहे, ती कायमची. पण मी कोण? कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल, "माझ्या मुलाची बायको होती"?

मी तुमची परवानगी मागत नाही. मागितली तर तुम्ही म्हणाल, मोठी झालीस, तुझं तू बघ. मला एवढंच हवंय की तुमच्या घरातून माझं नाव कमी होणार असेल, तर ते मला आधी कळू दे. डबा न आल्यावर नको. लिहून कळवा.

लोरेटा

*

हाल्डेन
१६ डिसेंबर १९८३

लोरेटा,

तुझं पत्र आज आलं. बरोबरचं पार्सल तुझं पत्र यायच्या आधीच बांधून तयार होतं, हे लक्षात ठेव, म्हणजे पुढचं नीट कळेल. पार्सल चोवीस तारखेपर्यंत उघडायचं नाही.

आधी कबुली. जूनीची चिठ्ठी वाचल्यावर मी दोन दिवस दार उघडलं नाही. खोटं कशाला लिहू. डेलच्या खोलीत जाऊन बसले. मला वाटलं, संपलं, आता तिकडे माझं कोणी नाही. एक पाकक्रिया सांगणारी म्हातारी, तीही चुकीचे अंश सांगणारी. तिसऱ्या दिवशी ओपल आली, बेल वाजवून वाजवून दमली आणि मागच्या दारानं आत शिरली. मी चिठ्ठी तिच्या पुढे टाकली. तिनं वाचली आणि म्हणाली, "आर्डिथ, या पोरीनं तुला एक प्रश्न विचारलाय. तू आपलं रडगाणं गात बसलीस, उत्तर कोण देणार?" ओपल कधी कधी बरोबर असते, तेच तिचं वाईट आहे.

दुसरी कबुली. अक्षर वाकडं येतं ते चष्म्यामुळे नाही. डेल गेला त्या डिसेंबरात टपालपेटीकडे जाताना बर्फावर पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड वाकडं जुळलं. लिहिता येतं, दूध ओतता येतं, पण फज घोटता येत नाही. दोन मिनिटांत डाव हातातून सुटतो. डबा आला नाही तो या हातामुळे. दोष द्यायला मला वेळच नव्हता, मी प्लास्टरमध्ये होते. तुला कळवलं नाही, कारण तुझ्या डोक्यावर आधीच डोंगर होता. मग दुसरं वर्ष आलं, आणि 'मन होत नाही' म्हणणं हे 'हात होत नाही' म्हणण्यापेक्षा सोपं गेलं. तू त्यातून काय ऐकत होतीस हे मला ठाऊक असतं, तर मी डाव्या हातानं घोटला असता. डोंगरावर जायची घाई तुझी नव्हती, लोरेटा. डेलनं मला पत्र लिहून सांगितलं होतं की त्याला जायचंय आणि ते तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघतोय. ते पत्र माझ्याकडे आहे. तू येशील तेव्हा दाखवीन.

बटाट्यांचंही मागे घेते. निम्मा नव्हता, पाव होता.

आता पार्सल. त्यात ओपलचा सोपा फज आहे. हो. मी माझ्या ओट्यावर, माझ्या पातेल्यात, आटवलेल्या दुधाचा डबा फोडला. चॉकलेट वितळवलं. पेपरमिंटचा अर्क घातला, लाटण्यानं काठ्या कुटल्या. ओपल शेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि मी कधी हरते ते बघत होती. दहा मिनिटं लागली. घोटावं लागलं नाही. पहिला घाण झाला, अर्क जास्त पडला, खाल्ल्यावर डोळ्यांतून पाणी आलं आणि ओपलला वाटलं मी डेलसाठी रडतेय, म्हणून तिनं मला मिठी मारली. दुसरा बरा झाला. तिसरा आणि चौथा तुमच्याकडे येतायत.

जूनीला हे वाचून दाखव:

जूनी, तू विचारलंस की बाबांचा कोपरा रुबेनकाकांना दिला तर बाबांचं काय उरेल. मी आठवडाभर विचार केला. ताट एक असलं की कोपरे चारच असतात. म्हणून मी दोन ताटं केली आहेत. आठ कोपरे. निळ्या डब्याचे चार पूर्वीसारखेच, बाबांचा, आईचा, तुझा, माझा. त्यांतला कोणाचाही काढून कोणाला द्यायचा नाही. लाल डबा नवा आहे, ओपलनं दिलाय. त्याचा पहिला कोपरा रुबेनकाकांचा. उरलेले तीन तू ठरव.

आणि लोरेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुणी विचारलं तर मी सांगेन, माझी मुलगी कोलोरॅडोत असते. गेली दोन वर्षं असंच सांगतेय. चर्चमधल्या अर्ध्या बायकांना तू माझी सून आहेस हे आठवतही नाही.

तो आपल्या चर्चचा की कॅथलिक, हे मी विचारणार नव्हते. विचारलं.

आई

*

बेल गल्च
२६ डिसेंबर १९८३

आई,

तुमचं पत्र मी शाळेच्या ऑफिसात फोडलं ही चूक झाली. मला रडताना बघून मुख्याध्यापकांना वाटलं घरी कोणी गेलं. रुबेन स्वयंपाकघरातून हात पुसत पळत आला. मी त्याच्या हातात पत्र दिलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "हो, कॅथलिक आहे, पण यांना सांग, फजच्या बाबतीत मी काहीही व्हायला तयार आहे." मग त्याच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या पोत्यांशेजारी, मी त्याला उत्तर दिलं. नाताळची वाट बघितली नाही. घाईचाच हात शेवटी.

चोवीसला दोन्ही डबे टेबलावर ठेवले. जूनीनं सुरी स्वतः घेतली. लाल डब्यातला पहिला कोपरा कापून तिनं बशीत घातला आणि रुबेनपुढे ठेवला. त्यानं बशी जवळ ओढली आणि नुसती फिरवत बसला. जूनी म्हणाली, "खा ना, मधली नाहीये ही."

मग निळा डबा. माझा कोपरा, तिचा कोपरा. तुमचा मेणकागदात गुंडाळला. राहिला डेलचा. मी म्हटलं, राहू दे, डब्यातच असू दे. जूनी म्हणाली, "फज ठेवायचा नसतो, तो वाळतो." आणि तिनं तो उचलला. दोन्ही कडा आधी, उंदरासारख्या. मधला मऊ भाग उरला तेव्हा ती थांबली आणि अगदी हळू, जाड आवाजात, हाल्डेनच्या माणसासारखं लांबवत म्हणाली, "हळूऽ खा गं उंदरा, संपेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, असंच म्हणायचे ना बाबा? असाच आवाज होता ना?"

असाच होता. अगदी असाच. मी विसरले होते आई, आणि तिला आठवला.

तुमचा निळा डबा परत पाठवतेय. रिकामा नाही. त्यात तुमचा कोपरा आहे. रुबेनच्या आईनं केलेली बडीशेपेच्या वासाची बिस्किटं आहेत, ते त्यांना बिस्कोचितो म्हणतात आणि त्यांच्या घरी या बिस्किटांशिवाय नाताळ होत नाही. लाल डब्याच्या तीन कोपऱ्यांपैकी एक ओपलबाईंना आहे, तोही आत आहे, जूनीनं वर नाव घातलंय. एक रुबेनच्या आईला दिला. तिसऱ्याबद्दल जूनी म्हणते की तो कुठं गेला तिला माहीत नाही. तिच्या हनुवटीला चुरा होता.

ओपलबाईंना सांगा, सोपा फज उत्तम झाला होता. तुम्हाला राग येणार असेल तर नका सांगू.

तुमची मुलगी,
लोरेटा

*

हाल्डेन
५ जानेवारी १९८४

रुबेन,

आपली ओळख नाही, पण तू माझ्या घरच्यांना रोज जेवायला घालतोस, तेव्हा अहो-जाहो करत नाही.

डबा मिळाला. बिस्किटं चांगली होती. तुझ्या आईला सांग, चरबी कुठली वापरते ते मला कळवावं, लोणी नाही हे मी पहिल्या घासाला ओळखलं. ओपलनं तिचा कोपरा पोस्टमनसमोरच खाल्ला. माझा मी टेबलाशी बसून खाल्ला, कडा आधी.

आता कामाचं. सोपा फज मी एकदा केला, जूनीचा प्रश्न सुटावा म्हणून. दर वर्षी तो करणार नाही. पुढच्या डिसेंबरात खरा फज व्हायला हवा, आणि माझा हात आता घोटत नाही. जूनी लिहिते की दोनशे मुलांचं पातेलं तू एका हातानं ढवळतोस. तेव्हा लोरेटा आणि जूनीला घेऊन नाताळला इथे ये. जाड बुडाचं पातेलं माझ्याकडे आहे. डाव तुझा, ओटा माझा, आणि मध्ये बोलायचं मी. खोली तयार ठेवते. ती डेलची आहे, खिडकी थोडी अडकते, तुझ्याकडे हातोडी आहेच.

एक लक्षात ठेव. ते अठरा अंश डोंगरावरचे. इथे आमच्याकडे काहीच वजा करायचं नाही.

तुझी,
आई